दुखवट्यातले अकरा सेकंद

वैजनाथआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होते. दोन दिवसांपूर्वी त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं. 'सोमवार, सकाळ ६:५२. निवेदिकेने भक्तिगीताच्या गायिकेचे नाव सांगितले नाही. आपणास कळावे.' बस, एवढंच, आणि खाली सही. मी रेडिओ सोडला त्याला तीस वर्षं होत आली, शाळेतली नोकरीही आता संपत आली, गुडघे दुखतात, आणि हा माणूस मांजरसुंब्याहून मला कळवतोय की कुठल्याशा मुलीनं कुणाचं नाव सांगितलं नाही. या वेळी चांगलं सणसणीत उत्तर लिहायचं असं मी ठरवलं होतं. मजकूरही जवळजवळ जुळला होता... तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, महादेवचा फोन आला. "ताई, आप्पा गेले. सकाळी, दुकानातच. रेडिओ चालू हुता, मला वाटलं डोळे मिटून ऐकायलेत." मी 'अरे' एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून ते कार्ड पुन्हा वाचलं.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. मध्यंतरी वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांना कुणीतरी सांगितलं की आप्पांची आणि माझी जुनी ओळख होती, तर त्यांनी 'रेडिओच्या त्या दिवसांच्या हृद्य आठवणी' मागितल्या. हृद्य वगैरे मला कितपत जमेल, शंका आहे. आप्पांबद्दल लिहायला बसलं की माझं डोकं फिरतं. ते असतानाही फिरायचं, पण तेव्हा निदान समोर जाऊन बोलता यायचं.

आमचं बीडचं रेडिओ केंद्र तेव्हा नवंकोरं होतं. भिंतींना अजून रंगाचा वास होता. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, आवाज बरा, उच्चार स्वच्छ, म्हणून नैमित्तिक निवेदिका म्हणून माझी निवड झाली. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या. त्या सहा दिवसांवर मी उरलेला महिना काढत असे. घरात लग्नाची घाई चालली होती, पण कायम निवेदिकांची भरती निघणार अशी बातमी होती आणि वडिलांनी कबूल केलं होतं की तू कायम झालीस तर आम्ही थांबू, तुझ्या मनाप्रमाणे होऊ दे. आमच्या घरात हा शब्द मिळणं सोपं नव्हतं. त्यामुळे मी त्या काचेच्या खोलीत अगदी जीव मुठीत धरून बसायची. तीन वर्षं मी तिथं होते.

वैजनाथआप्पा हे त्या केंद्राचं एक दुखणं होतं. मांजरसुंब्याच्या चौफुल्यावर त्यांचं दुकान होतं. दोरखंड, ताडपत्र्या, कुलपं, कंदिलाच्या काचा, ट्रकवाल्यांना लागणारं बारीकसारीक सगळं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, पांढरा सदरा, आणि डोक्यामागच्या फळीवर रेडिओ. आजूबाजूला सगळं बदलत होतं. ढाब्यांसमोर कोल्ड्रिंकचे क्रेट रचलेले असायचे, एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, गावात डिशच्या छत्र्या उगवायला लागल्या होत्या. आप्पांचा दिवस मात्र आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर चालायचा. पावणेसहाला ते रेडिओ लावायचे. तेव्हा नुसती खरखर असायची. सहाला पाच मिनिटं कमी असताना संकेतधून सुरू झाली की ते लांब वही उघडून पहिली वेळ टाकायचे. मग मंगल वाद्यं, चिंतन, भक्तिगीतं, दिल्लीच्या बातम्या, प्रादेशिक बातम्या. सकाळची सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, संपली की तेवढ्यात अंघोळ-पूजा. दुपारी महिलांचा कार्यक्रम आणि फर्माइशी, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी माहिती, हवामान, बाजारभाव, मग लोकसंगीत नाहीतर कीर्तन. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी आधी वहीत वेळ पडायची, मग कुलूप दाखवलं जायचं. कुठं चार सेकंद शांतता पडली, कुठं तबकडी अडकली, कुणी 'यानंतर' म्हणून पुढं काही बोललंच नाही... सगळं त्या वहीत. आणि त्यातलं जे त्यांना पटायचं नाही ते पोस्टकार्डावर केंद्राकडे. शेवटचं वाक्य ठरलेलं, 'खुलासा व्हावा.'

केंद्रात सगळे त्यांना हसायचे आणि सगळे त्यांना टरकून असायचे. मी तर जरा जास्तच.

मग तो दुखवटा आला. एक मोठे राष्ट्रीय नेते वारले आणि सरकारनं सात दिवसांचा दुखवटा जाहीर केला. आज हे सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा दुखवटा म्हणजे रेडिओवर खरोखर दुखवटाच असायचा. सिनेमाची गाणी बंद, फर्माइशी बंद, नाटिका, विनोद, लोकसंगीत सगळं बंद. सकाळी उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत सनई, सारंगी, बासरी आणि भजनं. काय वाजवायचं त्याची यादी तबकड्यांच्या कपाटावर चिकटवलेली. पाचव्या दिवशी सकाळी माझी ड्यूटी होती. यादीतलं भजन मी कपाटातून काढलं, कव्हर पाहिलं, तबकडी लावली. नियम असा की कव्हरवर विसंबायचं नाही, तबकडीवरचं लेबल वाचायचं आणि सुरुवात हेडफोनवर ऐकून बघायची. मी दोन्ही केलं नाही. पाच दिवस तेच तेच वाजत होतं, कंटाळा आला होता, खोटं कशाला सांगू. कुणीतरी आधीच्या आठवड्यात घाईत तबकड्या चुकीच्या कव्हरात घातल्या होत्या. मी गंभीर आवाजात भजन जाहीर केलं, आवाजाचा फेडर वर केला आणि लावणीची ढोलकी कडाडली. पाठोपाठ घुंगरू. मी फिरत्या तबकडीवरचं लेबल वाचायला गेले. मग भानावर येऊन फेडर खाली ओढला, शेजारच्या यंत्रावर सारंगीची टेप तयार होती ती सोडली आणि काचेपलीकडे पाहिलं. ड्यूटीवरचे साहेब चहाला गेलेले. अभियंता दुसऱ्या खोलीत. कुणी धावत आलं नाही, फोन वाजला नाही. सभा संपल्यावर लॉगबुकात 'त्रुटी' असा एक रकाना असतो, त्यात मी लिहिलं... 'निरंक'.

चार दिवसांनी कार्ड आलं. 'सकाळ ७:४१. दुखवटा चालू असताना अकरा सेकंद ढोलकी वाजली. निवेदिकेने दिलगिरी व्यक्त केली नाही. खुलासा व्हावा.' केंद्रप्रमुखांनी मला बोलावलं, समोर लॉगबुक उघडं. मी म्हटलं, असं काही झालंच नाही सर, चौफुल्यावर बसतात ते, एखाद्या ट्रकातली कॅसेट ऐकू आली असेल. साहेब माणूस वाईट नव्हता. लॉगबुक मिटून ते म्हणाले, "ऐकण्यात गल्लत झाली असं त्यांच्याकडून दोन ओळी लिहून आणा. मी दोन्ही कागद फाइलला लावतो आणि विषय संपवतो. नाहीतर मला पुढची चौकशी करावी लागेल." भरतीची परीक्षा दीड महिन्यावर होती.

दुसऱ्याच दिवशी मी एसटीनं मांजरसुंब्याला गेले. आप्पा दुकानात बसले होते, रेडिओ चालू. मी नमस्कार म्हणून नाव सांगायच्या आत म्हणाले, "तुमी निवेदिका न्हवं का? आवाज वळखला. बसा बाई." समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. मी सगळं सांगितलं, अगदी वडिलांचा शब्द, भरती, सगळं. तोवर माझे डोळे भरून आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्या तुमचं नाव लिव्हलंय का कारडात?" ते म्हणाले. "येळ लिव्हली."

"त्या वेळेला मीच होते आप्पा."

"ढोलकी वाजली का न्हाई?"

"वाजली. चुकून वाजली."

"मग तसं लिव्हायचं हुतं तुमच्या त्या बुकात. चुकून वाजली म्हणून. त्याला कोण काय म्हणलं असतं?"

"आता त्याचा काय उपयोग? तुम्ही फक्त ऐकण्यात गल्लत झाली एवढं लिहून द्या. तुमचं काय जातंय? अकरा सेकंदांनी कुणाचं काय बिघडलं?"

त्यांनी समोरची वही मिटली, दोरखंडाची गुंडाळी उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाले, "गल्लत झाली न्हाई. झाली म्हणून कसं लिव्हू?" मी चहाला हातही लावला नाही. उठताना म्हटलं, तुमच्यासारख्या रिकामटेकड्या माणसांना दुसऱ्याचं घर जाळून शेकत बसायला आवडतं. आणखीही बोलले. चौफुल्यावरची माणसं वळून बघायला लागली इतकं बोलले. त्यांनी मान वर केली नाही.

चौकशी झाली, अभियंत्यानंही ढोलकी ऐकली होती असं निघालं. ढोलकीचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. 'निरंक' या शब्दानं माझा घात केला. पुढच्या महिन्यापासून माझं नाव ड्यूटीच्या तक्त्यावर आलं नाही. त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा भला माणूस आहे, संसार नीट झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या मनाप्रमाणे होऊ दे असं घरात पुन्हा कुणी म्हणालं नाही.

आणि माझं नशीब असं की बी.एड. करून मला शाळा मिळाली ती मांजरसुंब्याच्या पुढच्या गावात. बीडहून एसटीनं चौफुल्यापर्यंत आणि तिथून जीप. म्हणजे रोज सकाळी-संध्याकाळी आप्पांच्या दुकानासमोर उभं राहायचं. पहिलं वर्षभर मी दुकानाकडे पाठ करून उभी राहिले. मुद्दाम. एक दिवस जीप काही केल्या येईना, ऊन तापलेलं, तर मागून आवाज आला, "बाई, काल कीर्तन मधीच तोडलं आन् बातम्या लावल्या. बुवाचं वाक्य अर्धं ऱ्हायलं. तुमी असतात तर काय केलं असतं?" उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण बातम्यांची वेळ कुणाच्या बापाला चुकवता येत नाही, कीर्तन आधीच ऐकून कुठं थांबवायचं ते ठरवायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट त्यांना कळू नये याचा मला इतका राग आला की मी वळले. जीप येऊन गेली, मी तिथंच. त्यानंतर रोज. त्यांनी स्टूल पुढं सरकवायचं आणि मी उभ्यानंच भांडायचं. "बसा की. उभं ऱ्हाऊन कावून भांडायलात?" हे त्यांचं रोजचं. मी घरात रेडिओ लावतच नसे, त्यामुळे केंद्रावर काय चाललंय ते मला फक्त आप्पांकडून कळायचं, आणि तेही फक्त काय चुकलं तेवढंच. कधी कुणाचं चांगलं लिहून पाठवलंत का, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "चांगलं वाजवणं हे त्यांचं कामच हाय. त्याला कारड कशाला?"

त्या एका विषयाला मी वर्षातून एकदा तरी तोंड फोडायची. आप्पा, अकरा सेकंद. तुम्ही माझी नोकरी घालवलीत. एका वर्षी त्यांनी वहीतून मान वर करून सांगितलं, "बारा हुते. एक तुमच्यासाठी सोडला." याला काय म्हणावं? मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि पाचव्या दिवशी जीपमध्ये बसल्यावर मला एकटीलाच हसू आलं.

पुढं सगळ्यांनी टीव्ही घेतले, मग मोबाईल आले. महादेवनं दुकानाच्या अर्ध्या भागात चार्जर आणि कव्हरं टांगली. केंद्राकडून आप्पांच्या कार्डांना खुलासे येईनासे झाले. माझी बदली बीडला झाली तेव्हा मी सुटले असं वाटलं, तर महिन्याभरात पहिलं कार्ड माझ्या पत्त्यावर. मी फोन करून विचारलं, हे मला कशाला? म्हणाले, "तिकडं कुणी वाचत न्हाई बाई. तुमी निदान चिडता तरी." मी खरंच चिडत असे. कार्डं मात्र फेकली नाहीत, हेही सांगून टाकते.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले. दुकान उघडं होतं. मला ते खटकलं, पण महादेवच म्हणाला, "आमच्यात सुतक न्हाई ना ताई. लिंगधाऱ्याला सुतक न्हाई. आप्पांनीच घालून दिलंय, माती झाली की दुसऱ्या दिवशी दुकान." रेडिओही चालू होता, कुठलं तरी उडत्या चालीचं गाणं. जरा वेळानं त्यानं आतून वह्यांचा गठ्ठा आणला आणि विचारलं, यांचं काय करू. मला लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच की आता तो दिवस काढून बघायचा. खरंच अकरा होते का बारा. तीस वर्षं मला ते पान बघायचं होतं आणि आप्पांनी वही कधी हातात दिली नव्हती.

पान सापडलं. सात एक्केचाळीस, ढोलकी, अकरा सेकंद. अकराच. मी मागची-पुढची पानं उलटली. दुखवट्याचे सगळे दिवस नीट नोंदलेले, सनई, सारंगी, सनई. फक्त तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबारानंतर पान कोरं. खाली रेघसुद्धा नाही. इतक्या वर्षांत आप्पांनी नोंद अर्धी सोडलेली मी कधी ऐकली नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाच कमी असताना पुन्हा सुरू. मी महादेवला विचारलं, हे काय, त्या दिवशी वीज गेली होती का?

त्यानं तारीख पाहिली. "त्या दिवशी आई गेली, ताई," तो म्हणाला. "मी चौथीत हुतो. दुपारी गेली, दिवस बुडायच्या आत माती झाली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुकान उघडलं. पाव्हणे नाराज झालते, म्हणायचे या माणसाला काई वाटतंय का न्हाई. तर आप्पा म्हणले, सारा मुलुख रेडिओवर रडायलाय, सात दिवस रडणार हाय, त्यात आपलं बी भागतंय."

मी त्या दुकानात ज्या दिवशी हात नाचवत भांडायला गेले होते, तेव्हा त्या बाईला जाऊन सात-आठ दिवस झाले होते. घरात काही झालंय याची एक खूण त्या माणसावर नव्हती. आणि त्यानं सांगितलं नाही. तेव्हा नाही, त्यानंतरच्या तीस वर्षांत नाही. रोज उभ्यानं भांडले मी तिथं! काय धाड भरली होती एक वाक्य बोलायला? सांगितलं असतं तर मी खाली मान घालून निघून गेले असते, पुन्हा कधी तो विषय काढला नसता. कुणी मला समजावतं की तू मान खाली घालून गेली असतीस तर तुमची ओळखही राहिली नसती, झालं ते बरंच झालं. मला ते पटत नाही. मला त्या माणसाचा अजून राग आहे, आणि स्वतःचा त्याहून जास्त आहे, आणि दोन्ही कुठं ठेवायचे ते मला कळत नाही. वहीवरचं आप्पांचं नाव वाचायला म्हणून मी चष्मा काढून पुसला, परत घातला, तरी नीट दिसेना.

फळीवर गाणं चालूच होतं. मी उठले आणि रेडिओ बंद केला.

महादेव चपापला. "असू द्या की ताई. आप्पाला चालू लागायचा."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण आता सात दिवस लावू नकोस."